वावधन आणि शेजार
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाला नवा कळस चढला, पायऱ्यांना नवा दगड बसला, सभामंडपावर स्लॅब पडला. अशा मंगल प्रसंगी वादळाचा विषय कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. परंतु देऊळ, वादळ आणि टिनाचा मांडव हे तीन शब्द एकत्र आले की अकोला जिल्ह्यातल्या माणसाला एकच गाव आठवते. त्या गावाची आठवण ठेवूनच या नव्या मंडपात पहिले पाऊल टाकावे, एवढ्यासाठी हा विषय.

दिनांक 9 एप्रिल 2023, रविवार. बाळापूर तालुक्यातले पारस हे गाव. विजेच्या औष्णिक केंद्रामुळे पारसचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. तेथील बाबूजी महाराज संस्थानात संध्याकाळी भाविक जमले होते. आरतीची वेळ होती. त्यात दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे होती, दुखण्याला उतार पडावा म्हणून आलेली होती. वावधन सुटले, विजा कडाडू लागल्या, पाऊस आला. पाऊस आला म्हणजे माणूस जे करतो तेच सर्वांनी केले. मंदिरासमोरच्या टिनाच्या शेडखाली आडोशाला गेले. शेजारी जुने, डेरेदार लिंबाचे झाड होते. ते उन्मळले आणि शेडवर कोसळले. झाडाच्या भाराने शेड खाली बसले. त्याखाली चाळीसेक माणसे होती. सात जण दगावले. तीसेक जण जखमी झाले.

त्या सात जणांपैकी कोणाचीही काही चूक नव्हती, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. देवाच्या दारी, माथ्यावर छप्पर, सोबत चार माणसे. याहून सुरक्षित जागा गावातल्या माणसाला दुसरी कोणती वाटणार? आपल्या आईबापांनी आपल्याला हेच शिकवले आहे की वादळात एकटे राहू नये आणि उघड्यावर राहू नये. त्या माणसांनी दोन्ही गोष्टी पाळल्या होत्या.

आणि मदतीला प्रथम कोण धावले? पारसचे गावकरी. अंधार, पाऊस, वर आडवे झालेले झाड, खाली वाकलेले टिन, आणि त्यातून येणाऱ्या हाका. मग जेसीबी यंत्रे आली, पोलीस आले, रुग्णवाहिका आल्या, जखमींना अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात नेण्यात आले, जिल्ह्याचे अधिकारी पोचले. सरकारी यंत्रणेने तिचे काम केले. परंतु यंत्रणेला पोचायला रस्ता लागतो आणि वेळ लागतो. पहिला अर्धा तास हा नेहमीच शेजाऱ्याचा असतो.

आता थोडे दूर, कोकणात जाऊ. कारण वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रच येतो.

जून 2020 मध्ये अरबी समुद्रात एक चक्रीवादळ उठले. त्याला निसर्ग हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. 3 जून रोजी भर दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या भागाला तडाखा बसला. कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी पडले, आणि नारळी-पोफळीच्या बागा जमिनीवर आडव्या झाल्या. मात्र या वादळाची वर्दी दोन दिवस आधी मिळाली होती. एकट्या रायगड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक माणसे आधीच पक्क्या इमारतींत हलवली गेली. त्यामुळे एवढे मोठे वादळ येऊनही मनुष्यहानी थोडक्यात राहिली. किनाऱ्यावर चढून ते घाट ओलांडून उत्तर-पूर्वेला सरकले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पश्चिम विदर्भापर्यंत येऊन क्षीण झाले. आपल्याकडे त्याचा उरला तो पाऊस आणि ढगाळ हवा. म्हणजे समुद्राचे वादळ आपल्या दारी आले तेव्हा त्याच्या अंगात त्राण राहिले नव्हते.

तुलना करून पाहावी. नाव असलेले, नकाशावर काढलेले, वर्दी देऊन आलेले ते प्रचंड वादळ; आणि पारसचे हे बिननावाचे वावधन. पहिल्यात दोन दिवस हातात होते. दुसऱ्यात काही मिनिटे. आपल्या वऱ्हाडातले वादळ हे या दुसऱ्या जातीचे आहे. त्याला कोणी नाव ठेवत नाही. ते एका गावाला झोडपते आणि दोन कोसांवरच्या गावात धूळही उडत नाही.

ते असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. फाल्गुन सरला की आपली काळी जमीन तापू लागते. अकोल्याच्या उन्हाची ख्याती सांगायला नको. तापलेली हवा वर चढते. त्याच सुमारास समुद्राकडून ओल घेऊन वारे आले, तर ती हवा वर जाऊन काही तासांत डोंगराएवढा ढग उभा राहतो. त्या ढगातून पाऊस आणि गारा सुटल्या की वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातले काही पाणी वाफ होऊन जाते आणि ती हवा एकदम थंड होते. थंड हवा जड. ती खाली कोसळते. मडक्यातले पाणी फरशीवर ओतावे तसे तिचे होते. जमिनीवर आदळते आणि चोहीकडे पसरते. तेच आपले वावधन. म्हणून आधी उकाडा, मग पानही हलत नाही अशी शांतता, मग एका अंगाने काळे आभाळ, आणि मग अंगावर एकदम गार झुळूक. जुन्या बाया "आभाय दाटलं" म्हणून वाळवण गोळा करायला धावायच्या, त्यांना हवामानशास्त्र येत नव्हते, पण त्या गार झुळुकेचा अर्थ त्यांना पाठ होता. गार झुळूक लागल्यापासून खरा सोसाटा येईपर्यंत हातात असतात ती मोजकी मिनिटे.

आजकाल नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून तासा-दोन तासांचे इशारे मिळतात. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी नावाचे अॅप आहे, ते मोबाईलवर आसपासच्या विजेची सूचना देते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला काढते. हे सर्व चांगले आहे आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने ते पाहून वडिलांना सांगावे. परंतु ज्या म्हातारीकडे मोबाईल नाही तिला हा इशारा कोण सांगणार? पुन्हा शेजारीच.

आता टिनाविषयी. गावागावांतून कवेलू गेले, धाब्याची घरे गेली, टिने आली. त्यात वाईट काही नाही. टिन स्वस्त, हलके, झटपट. पण हलके हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटर जागेवर साधारण 45 ते 50 किलोच्या वजनाइतका जोर लावतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा एका टिनावर तो जोर सव्वाशे किलोच्या आसपास जातो. त्या टिनाचे स्वतःचे वजन दहा-बारा किलो. वारा वळचणीखाली शिरला की खालून ढकलतो आणि वरून घासून जाताना ओढतो, असे दोन्हीकडून काम चालते. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून चार धोंडे ठेवण्याची रीत आहे. धोंडा दहा किलोचा. हिशेब कोणालाही करता येईल. टिन तर जातेच, आणि सोबत धोंडेही खाली येतात. ते खाली कोणाच्या डोक्यावर येतात हे मग नशिबावर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. म्हणून गेल्या वर्षीच्या वाऱ्यात टिकलेले छप्पर यंदाच्या वाऱ्यात टिकेलच, हा भरवसा खोटा.

उपाय खर्चाचा नाही. आकड्याचे बोल्ट आणि त्याखालचे वायसर दरवर्षी फाल्गुनात पाहावेत. सडलेले बदलावेत. कडेच्या टिनांना, म्हणजे वळचणीच्या आणि आढ्याच्या टिनांना, जास्त बोल्ट द्यावेत, कारण वारा तेथूनच उचलायला सुरुवात करतो. लाकडी वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असेल तर तो तारेने किंवा पट्टीने भिंतीत जखडावा. नाहीतर टिने वाशाला घट्ट आणि वासा मोकळा, असे होऊन सगळे छप्परच एकसंध उडते.

आणि येथे शेजारधर्माची पहिली गोष्ट येते. उडालेले टिन आपल्या घरात पडत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात पडते. धार लागलेली ती कडा वाऱ्यावर भिरभिरत जाते तेव्हा तिच्या वाटेत गाय आली काय आणि लेकरू आले काय, तिला सारखेच. शेजाऱ्याला मदत करणे म्हणजे वादळानंतर धावून जाणे असे आपण समजतो. ती मदत वादळाच्या महिनाभर आधी, आपल्याच छपरावर चढून, दोन पाने घेऊन बोल्ट आवळण्यापासून सुरू होते. अंगणात मोकळी पडलेली टिने, फुटक्या कोठीची झाकणे, पाण्याची रिकामी टाकी, हे सर्व त्याच हिशेबात धरावे.

वावधन आल्यावर घरात कसे राहावे, हे आपल्या घरोघरी थोडेफार ठाऊक आहे; पण ऐनवेळी घाईत विसरते. चूल विझवावी. वाऱ्यात ठिणगी उडून पऱ्हाट्यांच्या ढिगाला आणि कडब्याच्या गंजीला आग लागल्याची उदाहरणे वऱ्हाडात कमी नाहीत. गॅस असेल तर बंद करावा. विजेचे मुख्य बटण पाडावे. घरातली माणसे आतल्या, लहान खोलीत घ्यावीत. मोठ्या खोलीचे छप्पर आधी जाते, लहान खोलीचे उशिरा. ओसरीवर बसून मजा पाहू नये. ढोरांविषयी मात्र वेगळा विचार लागतो. कोठ्यावर टिन असेल किंवा ढोरे झाडाखाली बांधलेली असतील, तर वेळ असताना दावी सोडावीत. बांधलेल्या ढोराला पळता येत नाही. सुटलेले ढोर चार वावरे ओलांडून जाईल, पण सकाळी परत येईल. मात्र सोसाटा सुरू झाल्यावर ढोरासाठी माणसाने बाहेर पडू नये. हे सांगणे सोपे आणि करणे फार कठीण आहे, कारण ज्याने कर्ज काढून जोडी घेतली त्याला घरात बसवत नाही. म्हणूनच हे काम आभाळ दाटतानाच झाले पाहिजे.

वावरात असलेल्या माणसाने झाडाखाली जाऊ नये. आपली सवय उलट आहे. वीज उंच वस्तूवर पडते आणि वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानात एकटे उभे झाड हीच सर्वांत उंच वस्तू असते. आडोसा नसेल तर सखल जागी, पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे; जमिनीवर आडवे पडू नये. एकमेकांना चिकटूनही बसू नये.

वारा थांबला म्हणजे संकट टळले, असेही नाही. विजेच्या तारा ओल्या जमिनीवर पडलेल्या असतात. त्यात वीज नाही असे गृहीत धरून कित्येकांनी प्राण गमावले आहेत. भिंती मातीच्या असतील तर त्या पावसाने भिजून रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बसतात, वाऱ्यात नव्हे. छप्पर गेलेल्या घरात त्याच रात्री मातीच्या भिंतीला टेकून झोपणे म्हणजे टळलेले मरण बोलावून आणणे. त्या घरातल्या माणसांना त्या रात्री पक्क्या घरात हलवलेच पाहिजे, मग ती नको म्हणोत. आणि ती नको म्हणतातच. "तुम्हाला त्रास कशाला," हे वाक्य आपल्याकडे ठरलेले आहे. ते ऐकून घ्यावे आणि त्यांची वळकटी उचलून चालू लागावे.

निसर्ग वादळाच्या वेळी कोकणात ही परीक्षा फार कठीण होती. कोरोनाची टाळेबंदी चालू होती. मुंबईहून चाकरमानी गावी परतले होते. कोणी कोणाच्या जवळ उभे राहायचे नाही, घरात घ्यायचे नाही, असा तो काळ. आणि त्याच वेळी अर्ध्या गावाच्या डोक्यावरचे छप्पर गेले. जवळ यावे तर रोगाची भीती, दूर राहावे तर पाऊस. ज्यांच्या घरावर स्लॅब होता त्यांनी दारे उघडली. भीती कोणाला नव्हती? पण पुढ्यात भिजलेले लेकरू उभे असताना दार लावून घेणे कोकणातल्या माणसाला जमले नाही. पुढे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद होते, पिठाच्या गिरण्या बंद होत्या, आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला होता. पैसे असूनही पत्रे आणि ताडपत्री मिळेना. एका छपराखाली दोन-दोन, तीन-तीन कुटुंबांनी दिवस काढले. एका रात्रीचा पाहुणचार कोणीही करील. तो आठवडाभर, पंधरा दिवस करणे ही वेगळी गोष्ट आहे. भांड्याला भांडे लागते. त्यातूनही शेजार टिकला.

त्यांचे नुकसानही एका हंगामाचे नव्हते. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, नारळालाही तितकीच किंवा अधिक. शासनाने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली, आणि पुढे सुपारीच्या झाडामागे 50 रुपये व नारळाच्या झाडामागे 250 रुपये असा हिशेब केला, कारण कोकणातल्या बागा गुंठ्यांत असतात, हेक्टरात नव्हे. बापाने लावलेले झाड आणि 50 रुपये! मदत करणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, पण आकडा ऐकून माणूस गप्प होतो. आपल्याकडे केळीची बाग वावधनात झोपते, संत्र्याचा आंबिया बहार गारपिटीने झडतो, तेव्हाची शांतता हीच.

पंचनाम्याच्या वेळीही शेजार लागतो. तलाठी आणि ग्रामसेवक येतात तेव्हा पंच म्हणून गावचीच माणसे उभी राहतात. भाऊबंदकीचा जुना राग मनात धरून शेजाऱ्याचे नुकसान कमी सांगणारे पंच असतात, आणि आपल्या माणसाचे फुगवून सांगणारेही असतात. दोघेही सारखेच नुकसान करतात. शिवाय ज्याचे घर गावठाणाच्या कडेला आहे, ज्याच्या नावे कागद नाही, जो दुसऱ्याच्या वावरात राखणीला राहतो, त्याचे नाव कागदावर यायला फार कष्ट पडतात. त्याच्यासाठी कोणीतरी तोंड उघडून बोलावे लागते. हे काम लहान नाही.

माणसे वाचवण्याचे काम कसे उभे राहते, याचे उत्तम उदाहरण ओडिशा राज्याचे आहे. 29 ऑक्टोबर 1999 रोजी तेथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन नावाचे तसेच भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ आले, तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वारा काही दयाळू झालेला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत तेथे खांबांवर उभ्या केलेल्या पक्क्या निवारा-इमारती झाल्या होत्या. एरवी त्यांत शाळा भरते. गावोगाव समित्या झाल्या होत्या, आणि सुमारे दहा लाख माणसे वेळेवर हलवली गेली. इमारत महत्त्वाची खरी, पण तिच्याहून अधिक महत्त्वाचे असे की कोणत्या म्हाताऱ्याला कोण उचलून आणणार आणि निवाऱ्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, हे आधी ठरलेले होते.

आता आपल्या या मंडपाकडे वळावे. गावात आज सर्वांत मोठा आणि सर्वांत मजबूत स्लॅब हाच आहे. दोनशे माणसे येथे बसू शकतात. गावातली सर्वांत कच्ची छपरे मात्र येथून सर्वांत लांब, वेशीबाहेरच्या वस्तीत आहेत. हे अंतर केवळ पावलांचे नाही, सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच वऱ्हाडच्या मातीतले, शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आपल्या मूर्तिजापूरलाही काम उभे केले; पंढरपुरात जिला इतरत्र दार बंद होते त्या यात्रेकरू मंडळीसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. माथ्यावर छप्पर आधी, मग पुढचे, असा त्यांचा क्रम होता. वावधनाच्या रात्री वेशीबाहेरच्या बाईने लेकरू कडेवर घेऊन या मंडपाच्या दाराशी यावे आणि दाराला कुलूप असावे, तर या स्लॅबचा गावाला काय उपयोग झाला, याचा विचार विश्वस्त मंडळींनी अवश्य करावा. देवाच्या गाभाऱ्याला कुलूप असणे समजते, दागिने आहेत. मंडपाला कुलूप असू नये, आणि असलेच तर त्याची एक किल्ली त्या वस्तीत राहावी.

मंडपाजवळ लिंब आहे. जुना आहे, सावली गार आहे, आणि तो कोणी तोडावा असे येथे मुळीच सुचवायचे नाही. पण लिंबाला नेमकी चैत्रात नवी पालवी येते, मोहोर येतो, आणि वावधनाच्या दिवसांतच त्याचा डेरा शिडासारखा भरलेला असतो. झाडाभोवती पक्का पार बांधताना, फरशी घालताना किंवा पाया खणताना मुळे तुटली तर झाड वरून हिरवेगार दिसते आणि खालून त्याचा आधार गेलेला असतो. बुंध्याशी ढोली आहे काय, एका अंगाला कलले आहे काय, मुळाशी माती फुगली किंवा भेगाळली आहे काय, हे दरवर्षी पाहावे. जड फांद्या जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्यात. आणि लिंबाखाली टिनाचे शेड कधीही टाकू नये. सावलीला सावली जोडण्याचा तो मोह आवरावा.

कळसाचेही तसेच. कळस आता गावातली सर्वांत उंच वस्तू झाला. त्यापासून तांब्याची पट्टी खाली आणून जमिनीत पुरलेली असली पाहिजे, म्हणजे वीज पडली तरी तिला वाट मिळते. रंगकामात ती पट्टी मध्येच तुटून राहते. ते पाहून घ्यावे.

मंदिराची घंटा हेही एक साधन आहे. वीज गेली की कर्णा बंद पडतो, घंटा बंद पडत नाही. संकटाची घंटा कशी वाजवायची हे ठरवून ठेवावे, म्हणजे आरतीची कोणती आणि धावा म्हणण्याची कोणती, हे पोरासोरांनाही कळेल. भंडाऱ्याचे मोठे गंज, पातेली, कढया देवळात आहेतच. एका पोत्यात तांदूळ, एका डब्यात डाळ, मीठ, काडेपेटी, दोन कंदील, टॉर्च, जाड दोर, पहार, कुऱ्हाड, करवत आणि एक ताडपत्री एवढे आषाढ सरेपर्यंत कोपऱ्यात ठेवावे. गावात ट्रॅक्टर कोणाकडे, जेसीबी कोणत्या गावी, 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला गावात शिरायचा मोठा रस्ता कोणता, हे भिंतीवर लिहून ठेवावे.

आणि तरुण मंडळाकडे एक काम. दर दहा घरांमागे दोन तरुण. वारा थांबला की तारांकडे नजर ठेवत त्यांनी प्रत्येक दारी जाऊन हाक द्यायची. उत्तर आले की पुढचे दार. ज्या दारी उत्तर येत नाही तेथे थांबायचे. कोण एकटे राहते, कोणाला ऐकू येत नाही, कोण बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा पुण्याला आहे, हे आधी माहीत असेल तरच हाकेला अर्थ. एखादे छप्पर माणसांवर बसले असेल तर सर्वांनी एकदम हात घालू नये. एका बाजूने उचलले की दुसऱ्या बाजूला भार पडतो आणि तिकडचे माणूस दबते. एकाने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे. मधूनमधून सर्वांनी गप्प व्हावे, म्हणजे आतली हाक ऐकू येते. बाहेर काढलेल्या माणसाला हातापायाला धरून लोंबकळत नेऊ नये. बाज किंवा दाराची फळी घ्यावी, मान हलू देऊ नये. पाणी पाजायची घाई करू नये.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपत आली आहे, आणि पंगतीची पाने मांडली गेली आहेत. एकच लहानसे काम उरते. जुन्या मांडवाची काढलेली टिने देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला उभी करून ठेवली आहेत. आज दुपारपासून उकाडा वाढला आहे. जेवणे उरकल्यावर चार जणांनी ती आडवी पाडून, एकावर एक रचून, दोराने बांधून घ्यावीत. दोर भांडारात आहे.